विश्लेषण : सरावात पास, मैदानात नापास! भीती, संताप आणि उमेद यांचा धावण्यावर नेमका काय परिणाम होतो?

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर, तर महिला उमेदवारांना ८०० मीटर धावावे लागते. पुरुषांनी ५ मिनिटे १० सेकंदांत आणि महिलांनी २ मिनिटे ५० सेकंदांत अंतर पूर्ण केले तर २० पैकी २० गुण मिळतात. पुढे काही सेकंदांच्या टप्प्यांनी गुण उतरत जातात. गावाबाहेरच्या रस्त्यावर महिनोन्महिने हे अंतर वेळेत कापणारा उमेदवार प्रत्यक्ष चाचणीत तिसऱ्याच फेरीत कोलमडतो. दुसरा एखादा मात्र सरावात कधीही न जमलेला वेळ नेमका त्याच दिवशी देतो. दोघांचे पाय तेच, फुप्फुसे तीच, आठवड्यापूर्वीचा सरावही तोच. ‘दडपण आले’ किंवा ‘जिद्दीने धावला’ एवढे म्हणून हा विषय सोडून दिला जातो. पण भावना शरीराच्या जोरावर नेमक्या कुठे आणि किती परिणाम करतात, याचा प्रयोगशाळांत बराच अभ्यास झाला आहे. भरतीच्या मैदानावर हा प्रश्न केवळ गुणांचा नाही, कधी कधी तो जिवाचाही असतो.

धावण्याआधीच नाडी का वाढते?

छातीवर क्रमांक लावून रांगेत उभ्या असलेल्या उमेदवाराने अजून एक पाऊलही टाकलेले नसते, तरी त्याचे हृदय जोरात धडधडत असते. मेंदूने समोरचा प्रसंग महत्त्वाचा किंवा धोक्याचा ठरवला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते. हृदयाचे ठोके वाढतात, यकृतातली साखर रक्तात येते, स्नायूंकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो आणि पचनसंस्थेकडचा घटतो. पोटात गोळा येणे, मळमळ, चाचणीपूर्वी स्वच्छतागृहापुढे लागणारी रांग ही सारी त्याचीच लक्षणे. ही तयारी मुळात उपयोगाची आहे. शरीराने आपणहून केलेला तो वॉर्म-अपच म्हणता येईल.

अडचण येते ती प्रमाणाची. भीती वाढली की श्वास उथळ आणि भरभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, त्यातून हातांना मुंग्या येतात, डोके हलके वाटते. खांदे आणि जबडा आवळला जातो. धावण्यासाठी ज्या स्नायूंची गरज नाही तेही ऊर्जा खाऊ लागतात. उत्तेजना मध्यम असेल तर कामगिरी उत्तम, फार कमी किंवा फार जास्त असेल तर ती घसरते, हा नियम रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांच्या १९०८ मधील प्रयोगावरून सांगितला जातो. तो प्रयोग उंदरांवर झाला होता आणि त्याचा खेळाशी संबंध नव्हता, हे मात्र क्रीडा मानसशास्त्राच्या व्याख्यानांत क्वचितच सांगितले जाते.

शिवाय ‘मध्यम’ म्हणजे किती, हे प्रकारावर अवलंबून असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्निल कुसाळेने कांस्यपदक जिंकले. त्या खेळात हृदयाचा ठोकाही बंदुकीची नळी हलवू शकतो, त्यामुळे शांत राहणे हेच कौशल्य. कुस्ती, कबड्डी, गोळाफेक किंवा १६०० मीटर धावण्यात तेवढी शांतता उलट मारक ठरू शकते.

‘आता होत नाही’ हे पाय ठरवतात की मेंदू?

या विषयातला खरा वाद इथे आहे. स्नायूंच्या कार्याबद्दल १९२२ चे नोबेल मिळालेले ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी थकव्याचे स्पष्टीकरण प्राणवायूचा पुरवठा आणि स्नायूंतली रसायने यांच्या आधारे दिले. पुढची अनेक दशके शिकवले गेले ते असे, की इंधन किंवा प्राणवायू अपुरा पडला की यंत्र थांबते. दक्षिण आफ्रिकेच्या टिम नोक्स यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याला आव्हान दिले. त्यांच्या मते शरीराचे नुकसान होण्याआधीच मेंदू वेग कमी करायला लावतो, म्हणजे थकवा हा बिघाड नसून बचाव आहे.

सॅम्युएल मार्कोरा या संशोधकाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने दहा रग्बीपटूंना व्यायामाच्या सायकलवर सरासरी २४२ वॅट इतक्या जोराने, अगदी पाय थांबेपर्यंत पेडल मारायला लावले. सुमारे दहा मिनिटांत सगळे थांबले. थांबताक्षणी त्यांना फक्त पाच सेकंद पूर्ण ताकद लावायला सांगितले, तेव्हा त्यांनी सरासरी ७३१ वॅट जोर लावला. ज्यांना २४२ वॅट ‘अशक्य’ झाले होते, त्यांनी पुढच्याच क्षणी त्याच्या तिप्पट जोर काढला! ताज्या दमात याच खेळाडूंची ताकद १०७५ वॅट होती, म्हणजे पाय थकले होते हे खरेच. पण थांबण्याइतके थकले नव्हते.

मार्कोराचा निष्कर्ष असा, की माणूस थांबतो तो दोन गोष्टींच्या हिशेबाने. काम किती जड वाटते आहे आणि त्यासाठी किती जोर लावायची तयारी आहे. ‘जड वाटणे’ मोजण्यासाठी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी ६ ते २० अशी मोजपट्टी तयार केली, ती आजही जगभर वापरली जाते. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे यापुढे शक्य नाही. भावना प्रामुख्याने शिरकाव करतात त्या या आकड्यात. पाय, हृदय, फुप्फुसे यांची क्षमता त्या एका दिवसात फारशी बदलत नाहीत, पण त्याच वेगाला १५ वाटायचे की १७, हे बदलू शकतात.

हे सर्वांना मान्य आहे असे नाही. पाच सेकंदांचा जोर स्नायूंतल्या वेगळ्या ऊर्जासाठ्यातून येतो, त्यावरून दहा मिनिटांच्या दमाबद्दल निष्कर्ष काढू नये, असा आक्षेप आहे आणि तो वाजवी आहे. स्नायू आणि मेंदू यांतला एकच खरा, असे मानण्याची गरजही नाही.

हसरा चेहरा पाहून दम वाढतो?

मार्कोराच्याच गटाने २०१४ मध्ये केलेला प्रयोग ऐकायला गमतीचा वाटतो. १३ सराव असलेल्या व्यक्तींना सायकलवर दम संपेपर्यंत बसवले आणि समोरच्या पडद्यावर मधूनमधून चेहरे दाखवले, तेही सेकंदाच्या सुमारे साठाव्या भागापुरते. आपण चेहरा पाहिला हे कुणाला कळलेही नाही. एकदा हसरे चेहरे होते, एकदा दुःखी. हसऱ्या चेहऱ्यांच्या वेळी सायकलस्वार सरासरी २५ मिनिटांहून थोडे अधिक टिकले, दुःखी चेहऱ्यांच्या वेळी २२ मिनिटांच्या आसपास. फरक तब्बल तीन मिनिटांचा.

केवळ दमच नाही, ताकदही बदलते. १९६१ मध्ये मिचिओ इकाई आणि आर्थर स्टाइनहाउस यांनी दंडाच्या जोराची मोजणी केली. जोर लावण्याआधी मागे अचानक पिस्तुलाचा बार काढला, तर जोर सरासरी सात टक्क्यांनी वाढला. जोर लावताना स्वतःच ओरडल्यास तो बारा टक्क्यांनी वाढला. कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडते, मल्ल शड्डू ठोकतो, गोळाफेक करणारा गोळा सोडताना गर्जतो, त्यामागे नुसती परंपरा नाही.

संतापही काही वेळा कामी येतो. रागाची आठवण जागवल्यावर पायाने मारलेल्या जोरकस धक्क्याची ताकद वाढल्याचे ब्रिटनमधील अभ्यासात दिसले, आणि तो परिणाम बहिर्मुख व्यक्तींत अधिक होता. मात्र एका क्षणाचा जोर लावणे आणि पाच मिनिटे तोलून धावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१६०० मीटरवरच प्रयोग झाला आहे का?

झाला आहे, आणि त्याचे उत्तर प्रशिक्षकांना थोडे अनपेक्षित वाटेल. ब्रिटनमधील अँड्र्यू लेन आणि सहकाऱ्यांनी १५ धावपटूंना आधी विचारले, की तुमची सर्वोत्तम धाव कोणत्या मनःस्थितीत झाली. उत्तर आले : आनंदी, शांत, उत्साही आणि थोडी धाकधूक असलेली. ‘अजिबात भीती नसलेली’ असे उत्तर आले नाही. मग त्यांना दोन वेगवेगळ्या पद्धती शिकवल्या. एकीत राग आणि भीती मुद्दाम वाढवायची, दुसरीत ती कमी करायची. दोन्ही वेळा १६०० मीटर धावायचे. राग-भीती वाढवल्याने धाकधूक खरोखर वाढली, पण एकूण वेळेत लक्षणीय फरक पडला नाही. राग-भीती कमी केल्यावर मात्र पहिले ४०० मीटर संथ गेले.

‘टेन्शन घेऊ नको’ हा मैदानाबाहेरून मिळणारा सल्ला त्यामुळे फारसा कामाचा नाही. थोडी धाकधूक हवीच. ती कुठे खर्च होते, हा खरा मुद्दा आहे.

मग पहिल्या फेरीतच घात का होतो?

५ मिनिटे १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद. ४०० मीटरच्या चार फेऱ्या धरल्या तर प्रत्येक फेरीला ७७ ते ७८ सेकंद. अ‍ॅड्रेनलिन चढलेला, शेजारच्यांच्या पायांचा आवाज ऐकणारा उमेदवार पहिली फेरी ६७-६८ सेकंदांत काढतो आणि त्याला ती सोपीही वाटते, कारण उत्तेजनेने श्रमाची जाणीव काही काळ झाकलेली असते. दहा सेकंदांची कमाई झाली असे वाटते. प्रत्यक्षात त्याने प्राणवायूविना चालणाऱ्या ऊर्जेचा साठा सुरुवातीलाच उपसलेला असतो. स्नायूंतली आम्लता वाढते आणि तिसऱ्या फेरीत त्या दहा सेकंदांची दुप्पट वसुली होते.

इशारे झाकले गेले की काय होते, याचे टोकाचे उदाहरण अमेरिकेतील मार्कस अमान आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगात सापडते. आठ सायकलपटूंच्या पाठीच्या कण्यात फेंटानिल हे औषध देऊन पायांच्या स्नायूंतून मेंदूकडे जाणारे संदेश रोखले गेले. पायांची ताकद शाबूत होती, फक्त तक्रार वर पोहोचत नव्हती. पाच किलोमीटरच्या शर्यतीत ते पहिल्या टप्प्यात नेहमीपेक्षा जोरात सुटले, उत्तरार्धात मागे पडले आणि एकूण वेळ जवळपास तेवढाच राहिला. शर्यत संपल्यावर मात्र काहींना सायकलवरून उतरण्यासाठी आधार द्यावा लागला. पायांची कुरकुर हा अडथळा नसून वेग राखण्याचे साधन आहे, हे याहून स्पष्टपणे दाखवणे कठीण.

भावना दाबून टाकाव्यात का?

नाही. दाबण्यालाही श्रम पडतात. क्रिस्टोफर वॅगस्टाफ यांनी २०१४ मध्ये २० जणांना किळसवाणी चित्रफीत दाखवली. एकदा चेहऱ्यावर काहीही न दिसू देण्याची अट घातली, एकदा ती घातली नाही. त्यानंतर दहा किलोमीटर सायकल चालवायला सांगितले. भावना दाबल्यावर तीच माणसे हळू गेली आणि त्यांना श्रमही जास्त वाटले.

मेंदू शिणला की पाय जड होतात, हे मार्कोराच्या २००९ च्या अभ्यासातही दिसले होते. ९० मिनिटे एकाग्रतेचे किचकट काम केलेले लोक सायकलवर सरासरी ६४० सेकंद टिकले, तर तेवढाच वेळ माहितीपट पाहिलेले ७५४ सेकंद. हृदय आणि फुप्फुसांच्या मोजमापांत त्याचे कारण सापडले नाही. ब्राझीलमध्ये फुटबॉलपटूंवर झालेल्या अभ्यासात सामन्याआधी अर्धा तास किंवा अधिक वेळ मोबाइलवर समाजमाध्यमे पाहिल्यावर पास देण्याचे निर्णय चुकू लागले. चाचणीच्या दिवशी पहाटे रांगेत बसून रील्स पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. अर्थात हे सारे प्रयोग पंधरा-वीस जणांच्या गटांवरचे आहेत आणि मानसिक थकव्याचा परिणाम सुरुवातीला वाटला तेवढा मोठा नसावा, अशी टीकाही होते. १०० मीटरसारख्या काही सेकंदांच्या धावेवर तर त्याचा फारसा परिणाम आढळत नाही.

धोका नेमका कुठे आहे?

आतापर्यंतच्या प्रयोगांत ‘जास्त टिकणे’ म्हणजे यश होते. प्रयोगशाळेत डॉक्टर शेजारी असतो, पंखा असतो आणि थांबल्याने कुणाची नोकरी जात नाही. मैदानावर यातले काहीही नसते. २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत उमेदवारांचे मृत्यू झाले आणि त्यानंतर धावण्याचे अंतर कमी करण्यात आले. २०२४ मध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीत पुरुषांना तासाभरात दहा किलोमीटर धावायचे होते. तिथे दहाहून अधिक उमेदवारांचे जीव गेले.

अशा मृत्यूंची कारणे अनेक असतात. उष्णता आणि दमटपणा, रात्रभर रांगेत जागरण, रिकामे पोट, पाण्याची कमतरता, निदान न झालेला हृदयविकार. सिकलसेलचा गुणधर्म असलेल्या वाहकांना अतिश्रमात धोका वाढतो, हे अमेरिकेच्या सैन्यातील प्रशिक्षणार्थींच्या अभ्यासातून माहीत आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत हा गुणधर्म मोठ्या प्रमाणावर आढळतो. यातले एकही कारण ‘भावना’ नाही. पण शरीर आधी सूचना देत असते आणि ती सूचना ऐकू नये यासाठी सगळी परिस्थिती जुळलेली असते. वयोमर्यादेचे शेवटचे वर्ष, अकादमीचे भरलेले शुल्क, घरी वाट पाहणारी माणसे. मार्कोराच्या हिशेबात बोलायचे तर ‘किती जोर लावायची तयारी आहे’ हा आकडा इथे इतका मोठा असतो, की ‘किती जड वाटते’ याला अर्थच उरत नाही. सरावाच्या दिवशी जो मुलगा चक्कर आल्यावर खाली बसला असता, तो चाचणीच्या दिवशी धावत राहतो. त्या जिद्दीचे कौतुक करणारे व्हिडीओ समाजमाध्यमांवर फिरतात, ही त्यातली सर्वात खटकणारी गोष्ट.

उमेदवाराच्या हातात काय आहे?

बरेच काही. सर्वात स्वस्त उपाय पहिल्या फेरीचा. घड्याळ लावून ७७ सेकंदांची फेरी पायांना इतकी सवयीची करायची, की गर्दीतही ती ओळखता यावी. सराव शक्यतो गटात, छातीवर क्रमांक लावून, कुणीतरी शिटी आणि घड्याळ घेऊन उभे असताना करावा. अनोळखी वाटणारा प्रसंग चार वेळा अनुभवला की त्याची भीती निम्मी होते, हे जुन्या वस्तादांना प्रयोगांशिवायच ठाऊक होते.

स्वतःशी बोलण्याचाही उपयोग होतो. २०१४ च्या एका अभ्यासात २४ जणांपैकी एका गटाला दोन आठवडे स्वतःला धीर देणारी ठरावीक वाक्ये शिकवली. त्या गटाचा दम ६३७ वरून ७५१ सेकंदांवर गेला, दुसऱ्या गटाचा होता तिथेच राहिला. वाक्ये पाठ केलेली नव्हती, प्रत्येकाने स्वतःची निवडली होती. शर्यतीच्या सुरुवातीची वेगळी, शेवटच्या टप्प्याची वेगळी. रांगेत उभे असताना श्वास सावकाश बाहेर सोडणे, खांदे सैल करणे आणि धडधड म्हणजे ‘घाबरलो’ नव्हे तर ‘तयार झालो’ असे स्वतःला सांगणे, हेही करता येते. यातला शेवटचा उपाय हार्वर्डमधील अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी गाणे, भाषण आणि गणिताच्या चाचण्यांत तपासला आहे, धावण्यात नाही.

आणि भरती घेणाऱ्यांच्या?

अंतर कमी करणे हा एक उपाय झाला आणि तो योग्य होता. पण उमेदवाराच्या मनातला ‘आज नाही तर कधीच नाही’ हा भार कमी करणेही भरती घेणाऱ्या यंत्रणेच्या हातात आहे. वैद्यकीय कारणाने थांबलेल्याला पुढची तारीख मिळेल, असे धावण्याआधी ध्वनिक्षेपकावरून स्पष्ट सांगितले, तर चक्कर आलेला मुलगा थांबण्याची शक्यता वाढते. मैदानाबाहेरच्या फुटपाथवर किंवा एसटी स्थानकावर रात्र काढून आलेल्यांना झोपायला छप्पर आणि उन्हाआधी धावण्याची वेळ देणे ही सवलत मानली जाऊ नये. अपुरी झोप झालेल्या शरीराकडून खरी क्षमता मोजलीही जात नाही.

धावताना कोसळलेल्या उमेदवाराला तातडीने रुग्णवाहिकेत घालून रुग्णालयाकडे नेले जाते. श्रमामुळे झालेल्या उष्माघातात शरीराचे आतले तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते, रुग्ण असंबद्ध बोलतो, कधी चिडतो, झटापट करतो. अंगाला घाम सुटलेला असतो, म्हणून हा उष्माघात नाही असा गैरसमजही होतो. अशा वेळी आधी थंड करणे आणि मग हलवणे हा वैद्यकीय नियम आहे. रुग्णाला मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात ठेवून पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आणले, तर बहुतेक जण वाचतात. त्यासाठी गुण नोंदवणाऱ्या टेबलाशेजारी पाण्याने भरलेली एक मोठी टाकी, बर्फाच्या लाद्या आणि ती वापरायला शिकलेली दोन माणसे लागतात.